दूध चालतं, पाणी चालत नाही

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. विषय वरवर बारका वाटेल: विमानतळावर तान्ह्या बाळाच्या दुधाची तपासणी. पण आपल्या चिपळूण-खेड-दापोली पट्ट्यातली कितीतरी माणसं आखातात कामाला आहेत. त्यांच्यामागून लेकी-सुना पोर काखेत घेऊन एकट्या विमानाने जातात. बऱ्याच जणींचा तो पहिलाच विमानप्रवास असतो. म्हणून वाचा, आणि घरातून कुणी जाणारी असेल तर तिलाही वाचून दाखवा.

गेल्या महिन्यात माझी भाची पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन मस्कतला नवऱ्याकडे गेली. पोरगी पावडरच्या दुधावर आहे. रात्री नऊला चिपळूण सोडलं, विमान सकाळी साडेसातचं. मी दारापर्यंतच, कारण आत तिकीटवाल्यालाच सोडतात. तिच्या बॅगेत पावडरचा डबा, उकळून घेतलेल्या रिकाम्या बाटल्या आणि अर्ध्या लिटरचा गरम पाण्याचा थर्मास. तपासणीला थर्मास अडला. पाणी नेता येणार नाही म्हणाले. बाळासाठी आहे, असं हिने सांगितलं, तर उत्तर आलं, "मग दूध करूनच आणायचं ना ताई, ते सोडलं असतं."

मागे रांग, काखेत रडणारं पोर, हातात बोर्डिंग पास. तिने पाणी ओतून टाकलं. पलीकडे गेल्यावर मला फोन केला, "मामा, पाणी ओतायला लावलं रे. आता हिला देऊ काय?" काचेच्या बाहेर उभा राहून मी काय करणार होतो? शेवटी आतल्या चहाच्या काउंटरवरच्या पोराने केटलीतलं उकळतं पाणी थर्मासात भरून दिलं. पैसे घेतले नाहीत. विमानतळाचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका विमानतळाची नाहीये.

मुळात हा नियम आला कुठून? ऑगस्ट २००६मध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमानं उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघडकीला आणला. शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटकं न्यायची, असा तो डाव होता. सुरुवातीच्या त्या दिवसांत तिथे हातातल्या सामानात जवळजवळ काहीच नेऊ देत नव्हते. बाळाचं दूध नेऊ देत, पण सोबतच्या माणसाने ते आधी चाखून दाखवायचं. पुढे १०० मिलीची मर्यादा आली आणि जगभर पसरली. आपल्याकडेही आंतरराष्ट्रीय विमानांना ती आहे. म्हणजे नियमामागे खरंच बॉम्बची भीती होती, कुणाची लहर नव्हती. आणि तपासणीवरची माणसं दिवसभर हजारो बॅगा बघतात. त्यांच्यावर राग काढण्यासाठी ही पोस्ट नाही.

पण याच नियमात बाळाला सूट आहे. आपल्याकडेही आहे. औषधं आणि बाळाचं दूध, बाळाचं खाणं प्रवासात लागेल तेवढं १०० मिलीच्या वर नेता येतं, फक्त तपासणीला वेगळं काढून दाखवायचं. अमेरिकेत फॉर्म्युला, आईचं काढलेलं दूध आणि ते गार ठेवायच्या बर्फाच्या पिशव्या, सगळ्याला परवानगी आहे. आईच्या दुधासाठी तर बाळ सोबत असण्याचीही अट नाही. ब्रिटनच्या यादीत बाळासाठीचं निर्जंतुक पाणी वेगळ्या ओळीत लिहिलेलं आहे, बाळाच्या बाटलीत न्यायचं म्हणून.

खरी गोम या पाण्यात आहे. 'बाळाचं दूध' म्हटलं की तपासणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भरलेली बाटली येते. पण पावडरचं दूध करून ठेवायचं नसतं. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पाणी किमान ७० अंश सेल्सिअसचं हवं, म्हणजे पावडरमधले जंतू मरतात. मग दूध कोमट करून पाजायचं आणि दोन तासांत संपलं नाही तर फेकून द्यायचं. शहाणी आई म्हणूनच पावडर वेगळी आणि गरम पाणी वेगळं नेते. म्हणजे बघा, जी आई नीट वागते तिचं पाणी जातं, आणि जी चार तासांपूर्वीची भरलेली बाटली आणते ती सुटते. सुरक्षेत यातून काडीचीही भर पडत नाही. पोट मात्र त्या पोराचं बिघडतं.

दुसरा घोळ 'प्रवासात लागेल तेवढं' या शब्दांचा. तपासणीवाल्याचा प्रवास विमानतळावर सुरू होतो: तीन तासांचं विमान, एक बाटली पुरे. आमच्या भाचीचा प्रवास चिपळूणच्या ओट्यावरून सुरू झाला आणि मस्कतच्या घरात संपला. सोळा तास. म्हणजे चार-पाच वेळचं दूध. विमान उशिरा सुटलं तर आणखी एक. हा हिशोब रांगेत उभं राहून कोण समजावणार? इंग्रजी फाडफाड बोलणारी बाई वरिष्ठांना बोलवा म्हणते आणि बहुधा सुटते. आपली पोरगी घाबरते, सॉरी म्हणते आणि ओतून टाकते. सूट दोघींनाही सारखीच आहे, पण तिथे पाटीवर १०० मिली एवढंच मोठ्या अक्षरात होतं, बाळाचा उल्लेखच नव्हता. जी सूट पाटीवर नाही, ती गरिबाला नाही.

आणखी एक. तपासताना एका बाईंनी भाचीला विचारलं, "अंगावर पाजत नाही का?" हा प्रश्न तपासणीच्या कोणत्या नियमात बसतो? आईचं दूध उत्तम, यात वादच नाही. १९९२च्या कायद्याने आपल्याकडे बाळाच्या डबाबंद दुधाच्या जाहिरातीवर बंदी आहे, डब्यावरही आईचं दूध सर्वोत्तम असं छापावं लागतं. पण तो कायदा कंपन्यांना आवरायला आहे, बाईला चारचौघांत लाजवायला नाही.

आपल्या रायगडावरची हिरकणीची आख्यायिका लहानपणापासून सगळ्यांना पाठ आहे. दूध घालायला गडावर गेली, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले. पहारेकऱ्यांनी नियम पाळला. घरी तान्हं बाळ होतं, म्हणून ती अंधारात कडा उतरली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूजही बांधला. सुरक्षेतली फट बुजवली आणि आईलाही मान दिला, दोन्ही एकदमच. एसटीने तेच नाव घेऊन स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष केले. त्यांची अवस्था कशी आहे, यावर मी पूर्वी लिहिलंय. पण निदान दारावर मराठीत पाटी तरी असते.

मागणी फार मोठी नाही. एक, तपासणीच्या रांगेत सुरुवातीलाच मराठी, हिंदी, इंग्रजीत पाटी लावा: बाळाचं दूध, बाळाचं खाणं आणि ते करायला लागणारं पाणी नेता येतं, बाहेर काढून दाखवा. दोन, तपासणीनंतर बाळांच्या खोलीत उकळत्या पाण्याची फुकट सोय करा. तीन, विमान कंपन्यांनी तान्ह्या बाळाच्या तिकिटासोबत हीच माहिती मेसेजने पाठवावी.

तोवर जाणाऱ्यांनी एवढं करा. पावडर, बाटल्या, पाणी एका वेगळ्या पिशवीत ठेवा आणि कुणी विचारण्याआधी स्वतःच ट्रेमध्ये काढा. पाणी थर्मासऐवजी बाळाच्या बाटल्यांतून न्या. तरीही अडवलं तर शांतपणे, पण ठामपणे वरिष्ठांना बोलवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. रिकामा थर्मास नेता येतो, तो सोबत असू द्या. पावडरचा डबा मोठ्या सामानात अजिबात टाकू नका.

या तीन मागण्यांचं निवेदन मी येत्या आठवड्यात विमानतळ प्रशासनाला आणि आपल्या खासदारांना देतोय. तुमच्या घरातल्या कुणाला असा अनुभव आला असेल तर तारीख, विमानतळ आणि नेमकं काय अडवलं, एवढं इनबॉक्समध्ये कळवा. नावं छापणार नाही. दहा-वीस अनुभव जमले तरी निवेदनाला वजन येईल.