आजीचा गवती चहा

हाउससमोरचे गवत उपटायचे, वाफ्यांच्या विटांना गेरू आणि चुना लावायचा, ही कामे आम्हा कॅडेट्सच्या अंगवळणी पडलेली असतात. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी कराडजवळ आमच्या गावी गेलो आणि हीच शिस्त घरच्या परसबागेला लावायचे ठरवले.

आजी दुपारची झोपली होती. मी कुदळ आणि खुरपे घेऊन दोन तासांत परस साफ केला. न्हाणीमागे गवताचे एक मोठे, अर्धवट वाळलेले बेट होते. तेही मुळासकट काढले आणि सगळा कचरा पेटवून दिला. हात धुताना बोटांना लिंबासारखा वास आला आणि पोटात गोळा आला. तो गवती चहा होता. पलटणीतून निवृत्त होऊन आल्यावर आजोबांनी लावलेला. आजोबा जाऊन आता चार वर्षे झाली.

संध्याकाळी पात तोडायला गेलेली आजी रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली. "शेजारच्या काकूंची म्हैस शिरली वाटतं. उद्या विचारतेच तिला," ती म्हणाली. मी गप्प बसलो.

रात्रभर झोप लागली नाही. शाळेत चूक झाली की पुढे येऊन कबूल करायचे, हे मला माहीत आहे. तिथे ते जमते, कारण शिक्षा ठरलेली असते. मैदानाला फेऱ्या मारल्या की संपले. आजीकडे शिक्षा नव्हती, म्हणूनच तोंड उघडेना.

सकाळी आजीने चपला घातल्या तेव्हा मी म्हणालो, "आजी, म्हैस नव्हती. मीच उपटला."

ती पायरीवर बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आत्ता सांगितलंस ते बरं केलंस. उगाच तिच्याशी भांडून आले असते. आता तूच जा तिच्याकडे. तिच्या दारातला गवती चहा आपलाच आहे, तुझ्या आजोबांनी दिलेला."

काकूंना सगळे सांगावे लागले. त्या आधी खूप हसल्या, मग मुळे असलेले चार फुटवे काढून दिले.

लावायचे कसे, ते आजीने सांगितले. पाती वीतभर ठेवून वरून कापायच्या. दोन फुटव्यांत हात-दीड हात अंतर ठेवायचे. पाणी रोज द्यायचे, पण साचू द्यायचे नाही. पहिले आठ दिवस वर पोत्याची सावली करायची. गवती चहाला सहसा बी धरत नाही, तो फुटव्यांवरच वाढतो. दोन-तीन वर्षांनी बेट खणून विरळ केले नाही, तर मधला भाग वाळत जातो. ते काम आजोबा करायचे आणि निघालेले फुटवे गावात वाटायचे. आमचे बेट अर्धवट वाळलेले का होते, ते मला तेव्हा कळले. आजोबांनी फुटवे वाटले होते, म्हणूनच आमचा गवती चहा आम्हाला परत मिळाला.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा एक फुटवा वाळला होता, पण बाकीचे तीन माझ्या कमरेएवढे झाले होते. पहिली जुडी आजीने काकूंकडे पाठवली. ती घेऊन मीच गेलो.