राजमा गावाला गेला

ऑफिसात मी अकरा जणांची टीम सांभाळते. पण परवा शनिवारी सकाळी आमच्या बाल्कनीत चार-चार वर्षांची पाच पोरं, एक पोतं माती आणि एक झारी एकत्र आली आणि पंधरा मिनिटांत माझं सगळं मॅनेजमेंट वाहून गेलं. अक्षरशः! खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर.

आयडिया माझीच होती. पोरांना मोबाइलच्या बाहेरचं काहीतरी दिसावं, एवढाच हेतू. (आणि फोटो छान येतील, हाही. खोटं कशाला बोलू?) तयारी म्हणून थोडं वाचलंही. किंडरगार्टन म्हणजे मुळात ‘मुलांची बाग’. जर्मनीत फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या शाळेला हे नाव दिलं आणि बागेत प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा दिला. बाणेरच्या टू बीएचकेमध्ये वाफा कुठून आणणार? दह्याचे रिकामे डबे घेतले, बुडाला भोकं पाडली.

चौघांनी मेथी पेरली. छोट्यांसोबत मेथीच लावावी, दोन-तीन दिवसांत वर येते. धणे आठ-दहा दिवस घेतात आणि चार वर्षांच्या माणसासाठी ते एक युग असतं. आमच्या पिल्लूला मात्र राजमाच हवा होता. का? तर तो लाल आहे आणि चमकतो.

रात्रभर भिजवून बोटभर खोल पेरला. मग रोज मी घरी आले की ही डब्यात बोट घालून तो बाहेर काढायची. ‘आई, अजून नाही!’ परत पुरायची. दिवसातून तीनदा स्टेटस मागणारा आमचा क्लायंट आठवला मला. वर प्रेमाने पाणी, येता-जाता. पेरलेल्या बीला पाण्याइतकीच हवाही लागते, चिखलात ते कुजतं. मला हे माहीत होतं, पण त्या आठवड्यात आमचा रिलीज होता. शुक्रवारी रात्री डबा हुंगला आणि कळलं, संपलं.

मग मी ते केलं, जे कुठलीही दमलेली आई करेल. सासूबाईंनी बिरड्यासाठी वाल मोड आणून ठेवले होते. त्यातला एक चांगला मोडाचा दाणा उचलून डब्यात पुरला.

सकाळी पिल्लूने नेहमीप्रमाणे उकरलं. बराच वेळ बघत राहिली.

‘हे माझं नाहीये. माझं लाल होतं. हा आजीचा वाल आहे.’

मी गप्प.

‘मग माझा राजमा कुठे गेला? गावाला?’

गेल्या दिवाळीनंतर माझे बाबा गेले, तेव्हा मीच तिला सांगितलं होतं, आजोबा गावाला गेलेत. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. मला वाटलं, विसरली.

कचऱ्याच्या डब्यातून तो राजमा शोधून आणला. मऊ, काळपट, वास मारणारा. ‘मेला,’ मी म्हटलं. ‘पाणी जास्त झालं.’ तिने बोटाने दाबून पाहिलं, नाक मुरडलं आणि परत पुरायला लावला. त्याचं खत होतं म्हटल्यावर जरा खूश झाली.

आता काचेच्या ग्लासात, आतून ओला टिश्यू लावून, काच आणि कागदाच्या मध्ये पाच राजमे बसवलेत. उकरावं लागत नाही, सगळं बाहेरून दिसतं. पहिल्यांदा येतं ते मूळ, आणि ते खालीच जातं. तिने ग्लास आडवा करून बघितला. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक पुन्हा खाली वळलेलं! हा प्रयोग तिचा, माझा नाही.

पाचातला एक फुटलाच नाही. काल झोपताना तिने विचारलं, ‘आजोबांना पण पाणी जास्त झालं होतं?’

‘नाही गं. त्यांना हार्ट अटॅक आला होता.’

‘म्हणजे काय?’

मग आम्ही दोघी बराच वेळ जाग्याच होतो.