अखंड धार

मंगेशीच्या देवळात श्रीमंगेशावर अभिषेक करण्याची सेवा नवाथे घराण्याकडे होती. त्या सेवेनेच त्यांना 'अभिषेकी' हे आडनाव दिले. याच घरी १९२९ साली पंडित जितेंद्र अभिषेकी जन्मले. वडील कीर्तनकार, पहिले सूर त्यांच्याकडूनच कानी पडले. पुढे मात्र गाव सुटले. जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ अशा गुरूंच्या पायांशी त्यांनी विद्या मिळविली. १९६४ साली 'मत्स्यगंधा'ला त्यांनी चाली दिल्या आणि मरगळलेल्या संगीत रंगभूमीस पुन्हा प्राण आला. पदे आटोपशीर झाली, नाटक खोळंबेनासे झाले. राग मात्र उणावला नाही. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'त तर दोन घराण्यांचे वैर त्यांनी सुरांतूनच उभे केले.

आमच्या घरीही देवपूजेची पाळी आहे. गाणे शिकावयास परगावी जाऊ का, असे धाकट्याने एकदा विचारले. "मग देवाचे कोण पाहील?" असे म्हणून आम्ही त्यास गप्प बसविले. तो घरी राहिला. गाणे तेवढे राहिले नाही.

अभिषेकाची धार मध्येच तुटू नये, असे आम्हांस लहानपणी शिकविले होते. बुवा १९९८ साली गेले, तरी सांजवेळी त्यांचा अभंग कुठून कानी आला की वाटते, गाव सोडूनही या माणसाने धार राखली. उंबऱ्याआत बसून आम्हीच ती तोडली. आता नातू तंबोऱ्यापाशी घुटमळतो. या वेळी आम्ही आडवे येणार नाही.