आजोबांचा रेडिओ

माझ्या आजोबांना नीट दिसत नाही. त्यांचा रेडिओ २०१९ साली बंद पडला, तो तसाच फळीवर होता. यंदा आईने अंडी विकून साठवलेले आठशे रुपये दिले. बाजारच्या दिवशी मी व बाबा तालुक्याला गेलो.

दुकानदाराने चकचकीत लाल रेडिओ काढला. मला तो फार आवडला. पण त्यावर फक्त एफ.एम. होते. ते जवळचेच लागते. लघुलहरी मात्र आकाशातल्या उंच थरावरून उलटून परत जमिनीवर येतात, म्हणून हजारो किलोमीटरवरचे केंद्र ऐकू येते. दुसऱ्या रेडिओला बारीक आकड्यांची बटणे होती. आजोबांना ती कशी दिसणार? शेवटी हाताने फिरवायच्या बटणाचा, सेलवर चालणारा काळा रेडिओ घेतला. मी वाटेत बाबांशी बोललो नाही.

रात्री आजोबांनी एरियल ओढली व बी.बी.सी.च्या हिंदी बातम्या शोधल्या. नुसती खरखर! त्या बातम्या लघुलहरींवर २०२० सालीच बंद झाल्या, असे बाबा म्हणाले. आजोबा गप्प झाले. मला वाटले, आईचे पैसे फुकट गेले.

आजोबा मात्र हळूहळू बटण फिरवतच राहिले. एकदम अनोळखी भाषेत गाणे लागले. आजोबा हसले. म्हणाले, “ऐक रे, लांबचं कुणीतरी गातंय!”

आता लाल रेडिओची मला आठवण येत नाही. वस्तू ज्याच्यासाठी घ्यायची, त्याची सोय आधी पाहावी.