परवाना आणि विश्वास

आमची कन्या डोंबिवलीहून ठाण्यास नोकरीसाठीं लोकलनें जाई. रविवारीं मात्र मानपाडा रस्त्यावर गाडी तीच हांकी. पुढें ती इंग्लंडांतील एका लहान गांवीं राहावयास गेली. तेथें मोटारीवांचून नोकरीवर पोंचणेंच कठीण. कल्याणचा परवाना तेथें बाराच महिने चालतो. मग शिकाऊ होऊन परीक्षा द्यावी लागते. जपान वा ऑस्ट्रेलियाचा परवाना तेथें बदलून मिळतो, आपला नाहीं.

पुष्कळांस यांत अपमान दिसतो. वाहनें दोन्हीं देशांत डावीकडूनच चालतात. मग नवें शिकावयाचें तें काय?

प्रश्नोत्तरांत 50 पैकीं 43 उत्तरें बरोबर हवीत. रस्त्यावरील कसोटींत किरकोळ चुका 15 पर्यंत क्षम्य. गंभीर चूक एकही नाहीं. परंतु खरी परीक्षा निराळीच आहे. आपल्याकडे कर्णा हा चालकाचा वाचाळ सोबती. तेथें वस्तींत रात्रीं साडेअकरापासून सकाळीं सातपर्यंत चालत्या गाडीनें तो वाजविणें निषिद्ध. पट्ट्यांपाशीं पादचारी नुसता उभा दिसला, तरी गाडीनें आपण होऊन थांबावें अशी अपेक्षा असते.

तात्पर्य, ही कसोटी हातांच्या कौशल्याहून परस्पर विश्वासाची अधिक आहे. अनोळखी माणूस थांबेल, या भरंवशावर जेथें मुलें रस्ता ओलांडतात, तेथें नवागतानें त्या भरंवशास पात्र व्हावयास नको काय? परदेशांत घर भाड्यानें मिळतें. शेजारधर्म मात्र शिकावाच लागतो. तो मानपाडा रस्त्यावरही शिकतां आला, तर आम्हांस तो हवा आहे.