वांग, ऊन आणि दोन ट्यूब

गालांवर वांगाचे डाग दिसायला लागले, तेव्हा त्वचेच्या डॉक्टर मलमापेक्षा सनस्क्रीनवरच जास्त बोलल्या. मी वापरत होते ते घामाबरोबर डोळ्यांत उतरायचं आणि इतकं चुरचुरायचं की स्कूटर बाजूला घ्यावी लागे. ‘मिनरल लावून बघा,’ त्या म्हणाल्या. म्हणजे ऊन अडवायला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड वापरलेलं. अमेरिकेच्या एफडीएने 2019 च्या प्रस्तावात सोळा घटकांपैकी फक्त या दोघांना सुरक्षित आणि परिणामकारक मानलं होतं. बाकीच्यांतल्या बाराबद्दल अजून माहिती हवी, एवढंच म्हटलं होतं. ते घातक आहेत असं नव्हे. दुकानदार मात्र तसंच सांगतात.

पहिली ट्यूब निव्वळ झिंकची, बिनरंगाची होती. डोळ्यांची चुरचुर थांबली, पण चेहरा राखाडी दिसायला लागला. आईने दारातच विचारलं, ‘अगं, तोंडाला पीठ काय फासलंयस?’ गोऱ्या कातडीवर हा पांढरा थर खपून जातो, आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर नाही. तो घालवायला मी कमी लावू लागले, तर डॉक्टरांनी तेच थांबवलं. डब्यावरचा एसपीएफ चाचणीत मोजतात तो चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट भरून दोन रेघा. त्याहून कमी लावलं तर 50 चा आकडा डब्यावरच राहतो. तसंही अतिनील-बी किरणं 30 वालं सुमारे 97 टक्के अडवतं आणि 50 वालं 98 टक्के. एका टक्क्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा दोन बोटं भरून घेणं बरं.

मग रंगीत, टिंटेड ट्यूब आली आणि रोजच्या वापराचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. तो रंग आयर्न ऑक्साइडचा. कॅलामाइन लोशनला गुलाबी करतं तेच हे. मला वाटत होतं, हा फक्त पांढरेपणा झाकण्याचा उपाय आहे. पण वांग अतिनील किरणांनी वाढतो तसा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो, आणि तो प्रकाश बिनरंगाचं सनस्क्रीन फारसा अडवत नाही, आयर्न ऑक्साइड अडवतं. ऑफिसात माझी जागा खिडकीशी आहे. काच अतिनील-बी अडवते, पण अतिनील-ए बरंचसं आत येऊ देते, म्हणून आत बसूनही लावते. तक्रारी दोनच: स्कार्फवर आणि कुर्त्याच्या गळ्यावर तपकिरी डाग पडतात, आणि छटा अजून गोऱ्या बायकांना डोळ्यांसमोर ठेवूनच बनवतात.

गडावर मात्र हेच टिंटेड कुचकामी. राजगडच्या चढावर घामाच्या धारांबरोबर रंग ओघळतो, आणि कुठून निघालं ते कळत नाही, कारण ते कातडीच्या रंगाचंच असतं. तिथे मी ती जुनी, जाड, बिनरंगाची झिंकवाली ट्यूब नेते, 80 मिनिटं पाण्यात टिकणारी असं लिहिलेली. घरात नकोसा वाटणारा पांढरेपणा इथे कामाला येतो: नाकावरचं पुसलं गेलं की सोबतचा लगेच सांगतो. दक्षिण आफ्रिकेचा ॲलन डोनाल्ड गालांवर झिंकचे पांढरे पट्टे ओढून गोलंदाजी करायचा, ते नुसतं प्रतिस्पर्ध्याला घाबरवायला नव्हतं. कान, मानेची मागची बाजू आणि हातांची पाठ हमखास राहून जाते. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, त्याआधी घाम टिपायचा. आणि खरं सांगायचं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि रुंद काठाची टोपी कुठल्याही ट्यूबपेक्षा भरवशाची.

खनिज म्हणजे ऊन आरशासारखं परतवणारं, असं जाहिरातीत दाखवतात. प्रत्यक्षात हे कणही बहुतांश अतिनील किरणं शोषूनच घेतात. ‘केमिकल-फ्री’ तर सरळ थाप आहे. झिंक ऑक्साइड हेही रसायनच.

विकत घेताना पुढचं मोठं ‘मिनरल’ सोडा, मागचे घटक वाचा. मी घेतलेल्या एका ट्यूबमध्ये झिंकच्या जोडीला ऑक्टिनॉक्सेट हा खनिज नसलेला घटकही निघाला होता. छटा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. जबड्यावर थोडं लावा, बाहेर उन्हात या आणि मग पैसे द्या.