ओनिबाबा : गवत, विवर आणि मुखवटा

'ओनिबाबा' हे नाव मराठी कानाला थोडे फसवते. 'बाबा' म्हटले की आपल्यासमोर एखादा जटाधारी पुरुष उभा राहतो, नाहीतर घरातला बाप. जपानी भाषेत मात्र 'बाबा' म्हणजे म्हातारी आणि 'ओनि' म्हणजे राक्षस. कानेतो शिंदो या दिग्दर्शकाने १९६४ साली केलेल्या या कृष्णधवल चित्रपटात आपण ती राक्षसीण म्हातारी शोधू लागतो. ती अगदी शेवटच्या काही मिनिटांपर्यंत सापडत नाही, आणि सापडते तेव्हा आपण राक्षसीण नसून माणूस आहोत असे ओरडत धावत असते. भयपटातल्या भुताने असा दावा करावा ही गोष्टच मला या चित्रपटाकडे पुन:पुन्हा ओढून नेते.

काळ चौदाव्या शतकातला. जपानमध्ये दोन राजदरबार एकमेकांविरुद्ध उभे ठाकले आहेत, क्योतो जळाले आहे, शेतकऱ्यांच्या हातातले अवजार काढून घेऊन भाला दिला गेला आहे. नदीकाठच्या दलदलीत, माणसाहून उंच गवताच्या पोटात एक झोपडी आहे आणि तीत एक सासू व एक सून राहतात. मुलगा किची युद्धावर नेला गेला आहे. शेती बुडाली आहे. या दोघी जगतात त्या गवतात वाट चुकलेल्या, थकलेल्या, जखमी सामुराईंना भाल्याने भोसकून. चिलखत आणि वस्त्रे काढून घ्यायची, प्रेत जवळच्या एका खोल विवरात ढकलायचे, लूट उशी नावाच्या व्यापाऱ्याला द्यायची आणि बदल्यात धान्य घ्यायचे. हे सारे सुरुवातीच्या काही मिनिटांत, जवळजवळ एकही शब्द न उच्चारता दाखवले जाते. प्रेत ढकलून आल्यावर दोघी अधाशासारख्या जेवतात आणि झोपी जातात. पश्चात्ताप नाही, क्रौर्याचा आनंदही नाही. कापणी करून परतलेल्या बायांचा थकवा तेवढा त्यांच्या अंगावर असतो.

हे गवत 'सुसुकी' नावाचे आहे. जपानी काव्यपरंपरेत शरदातल्या सात वनस्पतींत त्याची गणना होते. चंद्रदर्शनाच्या उत्सवात त्याचे रुपेरी तुरे मांडले जातात. म्हणजे जपानी प्रेक्षक थिएटरात येताना या गवताविषयी एक कोमल भाव सोबत घेऊनच येतो. शिंदो आणि त्याचा छायालेखक कियोमी कुरोदा त्या भावाला धक्काही लावत नाहीत. गवत शेवटपर्यंत सुंदरच राहते. वाऱ्याबरोबर लवते, चंद्रप्रकाशात चमकते, आणि त्याच सौंदर्याच्या आतून अचानक दोन भाले बाहेर येतात. हिकारू हायाशीच्या संगीतातले ढोल थांबले की गवताची सळसळ तेवढी उरते. या सळसळीला चांगले-वाईट काही कळत नाही. निसर्ग माणसाच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही, ही जाणीव कुठल्याही शापित वाड्यापेक्षा मला अधिक भयंकर वाटते.

हा चित्रपट मी एकदा पदव्युत्तर वर्गाला दाखवला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, या दोघी निघून का जात नाहीत?" प्रश्न साधा होता, पण सगळा चित्रपट त्यावरच उभा आहे. बाहेर जायला वाट आहे. उशी जवळच राहून व्यापार करतो, त्याचा माल कुठेतरी जातोच. शेजारचा हाची युद्धातून पळून चालत घरी येतो. या गवतात खऱ्या अर्थाने वाट चुकतात ते तलवारी घेतलेले पुरुष. राक्षसाचा मुखवटा घातलेला तो रुबाबदार सामुराईसुद्धा म्हातारीपुढे भाला रोखून म्हणतो तेच की, मला इथून बाहेर काढ. दोघी बायकांना गवताचे पान न् पान ठाऊक आहे. सरदारांसाठी जो सापळा, ते त्यांचे शेत.

मग त्यांना अडकवून ठेवले आहे कशाने? सशस्त्र माणसाला एकटी बाई मारू शकत नाही, त्याला दोघी लागतात, याने. प्रत्येकीचे जगणे दुसरीच्या हातात आहे. हाची परत येतो, किची मेल्याची बातमी आणतो, आणि काही दिवसांत सून रात्री उठून गवतातून त्याच्या झोपडीकडे धावू लागते. तेव्हा सासूच्या मनात जे उसळते, त्याला नीतीचे नाव देता येत नाही. त्यात उपाशी मरण्याचा रोकडा हिशेब आहे. त्यात तिच्या स्वत:च्या शरीराची भूकही आहे. नोबुको ओतोवा ही अभिनेत्री एका निष्पर्ण झाडाला कवटाळते ते दृश्य पाहिलेला माणूस ते विसरत नाही. या दोन भुका शिंदो एकमेकींपासून वेगळ्या करत नाही. म्हणूनच सासूला 'दुष्ट' म्हणून मोकळे होण्याची सोय आपल्याला उरत नाही.

हाचीविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण समीक्षेत तो बहुधा वासनेचे प्रतीक म्हणून बाजूला ठेवला जातो. तो परतल्यावर सासूच्या मनातला प्रश्न एकच असतो: माझा मुलगा मेला, तर हा कसा वाचला? शिंदोला हा प्रश्न अनोळखी नव्हता. १९४४ साली त्याची नौदलात सक्तीची भरती झाली. त्याच्या तुकडीतल्या १०० जणांपैकी फक्त ६ जिवंत राहिले, आणि कोणी कुठे जायचे याचा निर्णय चिठ्ठ्या टाकून झाला होता, असे तो सांगत असे. जो वाचतो त्याच्यापाशी वाचण्याचे कारण नसते. हाचीपाशीही ते नाही. त्याची अखंड भूक, त्याचे निर्लज्ज हसणे, हे सारे चिठ्ठी चुकून आपल्या नावाची न निघालेल्या माणसाचे आहे.

सून हातची जाणार हे दिसताच सासू जे उपाय करते, त्यांचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी ती हाचीला विनवते, स्वत:लाच देऊ करते, आणि नाकारली जाते. मग ती सुनेला पापाच्या आणि नरकाच्या गोष्टी सांगते. त्यानेही भागत नाही, तेव्हा मुखवटा येतो. त्या सामुराईला तिने फसवून विवरात पाडलेले असते. मुखवट्याखाली सुंदर चेहरा असल्याची बढाई त्याने मारली होती. विवरात उतरून ती मुखवटा ओढून काढते, तेव्हा खाली विद्रूप, सडलेला चेहरा निघतो. ते पाहूनही ती मुखवटा घरी आणते आणि रात्री सुनेच्या वाटेवर राक्षस होऊन उभी राहते. विनवणी, धर्म आणि शेवटी भूत. माणसाला अडकवून ठेवण्याची ही साधने एकामागून एक वापरली जातात. आधीचे थकले की पुढचे.

मूळ बौद्ध दृष्टान्तकथा याहून सोपी आहे. योशिझाकी इथल्या मंदिरांशी ती जोडली जाते. भाविक सून प्रार्थनेसाठी मंदिरात जाते, सासूला ते खपत नाही, ती राक्षसाचा मुखवटा घालून तिला वाटेत भेडसावते, आणि मुखवटा चेहऱ्याला चिकटून बसतो. बुद्धाचा धावा केल्यावर तो सुटतो, पण सोबत कातडी सोलून नेतो. शिंदोने या कथेत एकच मोठा बदल केला. सून जिथे धावत जाते, तिथे मंदिराच्या जागी त्याने पुरुषाची झोपडी ठेवली. एवढ्याने सारा न्यायनिवाडा विस्कटतो. आता एक भाविक आणि दुसरी पापी असे म्हणता येत नाही. दोघीही भुकेल्या आहेत, आणि मुखवटा काढायला बुद्ध येत नाही. सूनच हातोड्याने तो फोडते.

इथे मला आमच्या कोकणातल्या घरामागची एक पायवाट आठवते. दिवेलागणीनंतर त्या वाटेवर जखीण उभी असते, असे आजी सांगे. ती वाट खाली ओहोळाकडे उतरून साकवापलीकडे काकूच्या माहेरच्या गावाला जात असे. आजी तिशीच्या आत विधवा झालेली, मुलगे मुंबईला, घरात ती आणि काकू. आपल्याकडची भुते सहसा मरणाच्या प्रकारावरून ओळखली जातात; मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती अळवंत. आमच्या वाटेवरची जखीण कोण होती, कशाने मेली, हे मात्र आजीने कधी सांगितले नाही. आजी गेल्यावर काही वर्षांनी मी काकूला विचारले, तुला खरेच भीती वाटायची का? तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "तिथे काही नाही ते मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. भीती सासूबाईंना वाटायची. मी गेले की परत यायची नाही, याची." मग थोडे थांबून म्हणाली, "म्हणून मीही भ्यायचे."

'ओनिबाबा'तल्या सुनेपाशी हा शहाणपणा नाही, आणि तो तिच्याकडून मागण्याचा अधिकारही आपल्याला नाही; युद्धाने तिला तेवढी उसंत दिलेली नाही. पण भीती दाखवणाराच बहुतेकदा सर्वांत जास्त भ्यालेला असतो, ही गोष्ट काकूने आणि शिंदोने मला जवळजवळ सारखीच शिकवली. चित्रपटातल्या दोघींना तर नावेही नाहीत. एक किचीची आई, दुसरी किचीची बायको. नावे आहेत ती किची, हाची आणि उशी या पुरुषांना. किची मेल्यावर या दोघींना एकमेकींशी बांधणारे नातेही खरे तर संपलेले आहे. सासू जो धागा धरून ठेवू पाहते, त्याचे दुसरे टोक एका प्रेताच्या हातात आहे.

वादळी रात्री पावसात भिजलेला मुखवटा सासूच्या चेहऱ्याला चिकटतो. तो का चिकटतो याचे उत्तर चित्रपट देत नाही. शाप म्हणावा, त्या सामुराईचा रोग म्हणावा, की नुसते भिजून आवळलेले लाकूड? मुखवटा फुटल्यावर खालून जो चेहरा निघतो, त्याची रंगभूषा अणुबॉम्बग्रस्तांच्या छायाचित्रांवरून केली होती. शिंदो हिरोशिमा प्रांतातला, जन्म १९१२ चा. १९५२ साली त्याने हिरोशिमाच्या मुलांवर चित्रपटही केला होता. ही माहिती वर्गात दिली की मी दरवेळी एक गोष्ट पाहते. विद्यार्थी सुटकेचा नि:श्वास टाकतात. अच्छा, म्हणजे हे अणुबॉम्बविषयी आहे! वहीत तशी नोंद होते आणि पडद्यावरचा चेहरा पाहण्याची जबाबदारी संपते. रूपक सापडले की आपण फार लवकर निवांत होतो.

हिरोशिमाचा संबंध खरा आहे, पण तो त्या जखमांपाशी संपत नाही असे मला वाटते. बॉम्बमधून वाचलेल्या कित्येकांना पुढे आपल्याच समाजाने दूर ठेवले, लग्नसंबंधात आणि नोकरीत त्यांना नाकारले, हा इतिहास आहे. म्हणून शेवटच्या प्रसंगात मी त्या चेहऱ्याइतकीच त्याला पाहून पळणाऱ्या सुनेकडे पाहते. इतकी वर्षे जिच्याशेजारी ती झोपली, जिच्याबरोबर जेवली, जिच्याबरोबर तिने माणसे मारली, तीच आता तिला राक्षस वाटते. सासूने भुताचे सोंग घेतले तेव्हा सुनेला ते खरे वाटले होते. आता सोंग संपले आहे, मागून माणूस हाक मारतो आहे, आणि तेही तिला भूतच वाटते. सासूने पेरलेली भीती इतकी चांगली उगवली आहे.

चार वर्षांनी, १९६८ साली, शिंदोने 'कुरोनेको' केला. त्यातही सासू-सून आहेत, सासू पुन्हा नोबुको ओतोवाच. तिथे सामुराईंनी अत्याचार करून मारलेल्या दोघी खरोखरीची भुते होऊन परततात आणि सामुराईंचा सूड घेतात. तो चित्रपट देखणा आहे, पण त्याची भीती सोसवते. अन्याय कोणी केला आणि भूत कोणावर उलटले, याचा हिशेब तिथे लागतो. 'ओनिबाबा'त तो लागत नाही.

या चित्रपटाच्या निर्मितीतल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. चित्रण चिबा प्रांतातल्या दलदलीत, तिथेच मुक्काम ठोकून झाले, आणि काम संपण्याआधी जो निघून जाईल त्याला मोबदला मिळणार नाही असा दंडक होता. गवतात अडकलेल्यांची गोष्ट सांगणारी मंडळी स्वत:ही तिथे अशी अडकलेली होती. दुसरी गोष्ट त्या विवराची. दलदलीत खड्डा खणला की लगेच पाणी भरे, म्हणून विवराच्या आतली दृश्ये जमिनीच्या वर परांची बांधून, तिथे उभारलेल्या खोट्या विवरात घेतली. सुरुवातीच्याच अक्षरांतून चित्रपट ज्याचा अंधार पुरातन काळापासून आजवर पोचल्याचे सांगतो, ते विवर जमिनीत नव्हतेच. माणसांनी ते हातांनी उभे केले होते.

शेवटी सून त्या विवरावरून उडी मारून पार होते. मागून सासू झेप घेते, आणि ती हवेत असतानाच चित्रपट संपतो. ती पलीकडे पोचली की आत पडली, हे शिंदो सांगत नाही, आणि त्यावर वर्गात दरवेळी वाद होतो. मला मात्र त्या क्षणी पुढे धावणारी सून दिसत राहते. ती हाचीच्या झोपडीकडे निघाली असणार. हाचीला थोड्याच वेळापूर्वी, त्याच्याच झोपडीत अन्न चोरायला शिरलेल्या एका फरारी सैनिकाने मारले आहे. आपल्याला ते ठाऊक आहे, तिला नाही. जिवंत माणसाची हाक मागे टाकून ती एका मेलेल्या माणसाकडे धावते आहे, आणि गवत दोन्ही बाजूंनी तिला वाट करून देते आहे.